गेम डिझायनर व्हायचंय? आधी दोनशे पानी वही आणा

माझा भाचा लातूरला शिकायला आहे. बारावीचं वर्ष, सकाळी सहाला फिजिक्सची शिकवणी, आणि रात्री साडेअकराला मला मेसेज: "मावशी, मला गेम डिझायनर व्हायचंय. कोणकोणते गेम खेळू? यादी दे. आईला सांगू नको." मी चाळीस नावं लिहिली आणि पाठवायच्या आधी पुसून टाकली. पठ्ठ्यानं दिवाळीच्या सुट्टीत चाळीसही उरकले असते आणि वर विचारलं असतं, "अजून?"

म्हणून यादीऐवजी हे लिहितेय. गेम थोडेच सांगेन, पण ते कसे खेळायचे हेही सांगेन.

परभणी जिल्ह्यातल्या सेलूला स्टेशन रोडवर नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९९८च्या सुमारास त्यांनी गिऱ्हाइकांनी परत न नेलेले तीन टीव्ही मांडले, त्यांना टीव्ही-गेम जोडले आणि तासाला पाच रुपये लावले. कंट्रोलरला सगळे 'रिमोट' म्हणायचे, कार्ट्रिजला 'कॅसेट'. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं, आत वेगवेगळे गेम निघायचे वीस-पंचवीस. शाळा सुटली की मी गल्ल्यावर. खेळायला मिळायचं ते गिऱ्हाईक नसताना, म्हणजे जवळपास नाहीच. मग बघत बसायचं. पोरगं कुठं मरतं, मेल्यावर हसतं का रिमोट आपटतं, खिशात हात घालतं का चपला शोधतं. नाना म्हणायचे, "पहिल्या दहा मिनिटांत ज्याचं तोंड पडलं, ते पोरगं उद्या येत नसतंय." आज मी पुण्याच्या एका कंपनीसाठी सेलूत बसून लेव्हल डिझाइन, म्हणजे गेमच्या एकेका टप्प्याची आखणी, करते. मला या कामातलं जे काही येतं, त्यातलं निम्मं त्या गल्ल्यावरचं आहे.

तर वही. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात खेळणाऱ्यानं काय केलं ते, म्हणजे 'उडी मारली', 'थांबला', 'मागं वळला'. दुसऱ्यात, कोणत्या नियमामुळं त्याला तसं करावं लागलं. तिसऱ्यात, तो नियम काढला तर काय होईल. 'ग्राफिक्स मस्त', 'स्टोरी भारी' हे वहीत लिहायचं नाही, ते मित्रांना सांगा. एका गेमला एक आठवडा द्या. आणि निम्मा वेळ स्वतः खेळू नका, दुसऱ्याला खेळताना बघा.

सुरुवात 'सुपर मारिओ ब्रदर्स'नं करा. १९८५चा गेम, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा. अख्खा संपवायची गरज नाही, पहिला मिनिट पुरे. पण तो मिनिट अशा माणसाच्या हातात द्या ज्यानं आयुष्यात गेम खेळलेला नाही, आणि आपलं तोंड बंद ठेवा. मी आईला बसवलं, वय बासष्ट. दुकान आमचं, पण तिनं कधी रिमोटला हात लावला नव्हता. मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा, उजवीकडं सगळं मोकळं. ती न सांगता उजवीकडं गेली. समोरून ते तपकिरी, रागीट तोंडाचं गूम्बा आलं, धडकली, मेली. दुसऱ्यांदा घाबरून बटण दाबलं, तर उडी बसली आणि वरच्या प्रश्नचिन्हाच्या चौकोनाला डोकं लागून नाणं निघालं. चेहरा खुलला. पुढच्या चौकोनातून अळंबी निघाली. आईला वाटलं हाही शत्रूच, ती पळायला लागली. पण अळंबी उजवीकडं घरंगळत जाते, पाइपावर आपटते आणि उलटी फिरून तुमच्याच अंगावर येते. वर विटांची ओळ असल्यामुळं उडी मारून चुकवणंही अवघड. ती अंगाला लागली आणि मारिओ मोठा झाला. आई ओरडली, "अगं, हा तर वाढला की!"

एक अक्षर न वाचता तिला चार गोष्टी कळल्या: कुठं जायचं, कशानं मरतो, चौकोनाला डोकं मारायचं, अळंबी चांगली. तो पाइप तिथं शोभेला ठेवलेला नाही. वहीत तिसऱ्या रकान्यात लिहा, 'पाइप काढला तर?' अळंबी निघून जाते, आणि आईच्या डोक्यात ती कायमची शत्रू राहते. माझ्या कामात मी आजही नवीन लेव्हल केली की स्वतःला विचारते, यातला पाइप कुठंय?

आता 'बॅटल सिटी'. आमच्याकडं त्याला नुसतं 'टँक' म्हणायचे. हाही १९८५चा, नाम्को कंपनीचा. खाली मधोमध विटांच्या आडोशात गरुडाचं चिन्ह, ते वाचवायचं; प्रत्येक लेव्हलला शत्रूचे वीस रणगाडे. नानांच्या दुकानात सगळ्यात जास्त भांडणं याच गेमवर झाली आणि भांडणाचं मूळ एकच नियम होता: जोडीदाराची गोळी तुम्हाला लागली तर तुम्ही मरत नाही, पण थोडा वेळ जागच्या जागी गोठता. बस. एवढ्यानं दोन मित्र एकमेकांवर संशय घ्यायला लागतात. मुद्दाम मारली का चुकून? मग बदला. मग दोघांच्या भांडणात आपल्याच गोळीनं आपलाच गरुड उडतो, कारण तेही चालतं. गोळी जोडीदाराला लागलीच नसती तर खेळ शांत झाला असता. जोडीदार मेला असता तर दोन मिनिटांत मारामारी होऊन रिमोट तुटला असता. 'गोठणं' हे बरोबर त्या दोन्हींच्या मध्ये बसतं. या गोठण्यावर मी वहीची सहा पानं लिहिली आहेत. भाच्याला वाटतं मला वेड लागलंय.

आणि त्याच गेमच्या सुरुवातीच्या यादीत तिसरा पर्याय असतो, 'कन्स्ट्रक्शन'. विटा, लोखंड, पाणी, झाडी हवी तिथं मांडून स्वतःची लेव्हल करायची. दुकानात तो कुणी उघडत नसे, तासाचे पैसे त्यात कोण घालवणार. दुपारी दुकान रिकामं असलं की मी उघडायची. वीज गेली की लेव्हल पुसली जायची, आणि आमच्याकडं भारनियमन म्हणजे रोजचंच. त्यामुळं मी वहीच्या चौकटीच्या पानावर पेन्सिलीनं लेव्हल काढून ठेवायला लागले. म्हणजे कागदावर डिझाइन करायची सवय मला महावितरणच्या आधीच्या वीज मंडळाच्या कृपेनं लागली म्हणायची.

'कॉन्ट्रा' खेळायचाच असेल तर फक्त एक गोष्ट तपासा. तीन जीव घेऊन खेळा, मग तो प्रसिद्ध कोड टाकून (वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए) तीस जीव घेऊन खेळा. नकाशा तोच, शत्रू तेच, पण तुमचा हात वेगळा चालतो: तीन जिवांना लपतो, तिसांना धावतो. हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरनं १९८६ साली 'ग्रॅडियस' नावाचा दुसराच गेम तपासताना घातला होता, कारण गेम त्याला स्वतःलाच झेपत नव्हता. आकडा बदलला की माणूस बदलतो.

'स्पेस इन्व्हेडर्स'कडं एक संध्याकाळ बघा. १९७८, तोमोहिरो निशिकादो. शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगानं सरकायला लागतात. हे आधी ठरवलेलं नव्हतं. कमी आकृत्या काढायच्या असल्या की त्या काळच्या मशीनला काम हलकं व्हायचं आणि वेग वाढायचा. त्यानं ती खोड तशीच ठेवली. तुमच्या गेममध्ये काही बिघडलं की दुरुस्त करायच्या आधी पाच मिनिटं खेळून बघा.

'पॅक-मॅन' (१९८०, तोरू इवातानी) मात्र निवांत. चक्रव्यूहात तुमच्या मागं चार भुतं असतात, चौघांचा स्वभाव वेगळा. लाल भूत तुम्ही आहात त्या घरावर चालून येतं. गुलाबी भूत तुमच्या तोंडासमोरच्या चौथ्या घराकडं निघतं, म्हणजे ते पाठलाग करत नाही, वाट अडवतं. निळं भूत लाल कुठं आहे ते बघून ठरवतं. केशरी भूत लांबून चालून येतं, पण आठ घरांच्या आत आलं की भेदरून आपल्या कोपऱ्याकडं पळतं. इतके साधे चार नियम, आणि खेळणाऱ्याला वाटतं ही भुतं आपापसात ठरवून आपल्याला घेरतायत. हे समजायला कॉम्प्युटर लागत नाही. चौकटीच्या कागदावर चक्रव्यूह काढा, चार बटणं भुतं म्हणून ठेवा आणि भावाबहिणींना एकेका भुताचा नियम द्या. आमच्याकडं केशरी भूत कायम धाकट्या चुलतभावाला द्यायचो. त्याला शिकवावं लागलं नाही.

'टेट्रिस'ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: मॉस्को, १९८४, अलेक्सेई पाजित्नोव. त्याच्या इलेक्ट्रॉनिका ६० मशीनवर चित्रं काढायची सोय नव्हती, म्हणून वरून पडणारे ठोकळे कंसाच्या चिन्हांचे केले होते. पण वहीत लिहायचं ते हे, की आकार चारच चौकोनांचे का? कागद कापून बघा. तीन चौकोन जोडले तर दोनच आकार होतात, लगेच कंटाळा. पाच जोडले तर आरशातले धरून अठरा, डोक्यात मावत नाहीत. चारांचे सात. दुसरं असं की भरलेली ओळ नाहीशी होते. नीट केलेलं काम दिसेनासं होतं आणि चुका तेवढ्या ढीग होऊन डोळ्यासमोर राहतात. आई म्हणाली, "भांड्यांसारखंच की मग." घासलेली भांडी कुणाला दिसतात?

इथं थोडं पडद्यावरून उठा. खो-खो लहानपणी खेळलाच असाल, आता डिझायनर म्हणून बघा. पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, बसलेल्यांच्या मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कुठंही जाता येतं. एकट्या पाठलाग करणाऱ्याच्या पायात बेडी घातलीय म्हणून तर 'खो' द्यावा लागतो आणि नऊ जणांचा एक संघ होतो. बेडी काढा, ते साधं शिवाशिवी होईल. २०२२ साली 'अल्टिमेट खो खो' लीगमध्ये 'वझीर' आणला, ज्याला कोणत्याही दिशेला पळायची मुभा. जुने सामने आणि लीगचे सामने शेजारी लावून बघा आणि एका नियमानं काय काय हललं ते मोजा. यापेक्षा चांगला वर्ग कोणत्या कॉलेजात भरणार?

वेरूळला सहलीला जाताच आपण. कैलास बघून बस गाठायची घाई न करता एकवीस नंबरच्या, रामेश्वर लेण्यात जा. तिथं शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. माझ्या माहितीतलं डाव रंगल्याचं इतकं जिवंत चित्र दुसरं नाही. आणि पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांशी परंपरेनं ज्याचं नातं जोडतात तो मोक्षपट, म्हणजे आजची सापशिडी. सापशिडीत खेळणाऱ्याला निवड शून्य, सगळं सोंगटी आणि दान. आजचा कोणताही डिझायनर म्हणेल, हा गेमच नाही. पण जुन्या पटावर घराघरांत सद्गुण-दुर्गुण लिहिलेले असायचे. तुमच्या हातात काही नाही, हेच तर त्या पटाला सांगायचं होतं. नियमच बोलत होते.

तसंच 'व्यापार'चं. आपण ज्याला व्यापार किंवा बिझनेस म्हणतो त्याचं मूळ अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे, पेटंट १९०४चं. जमीन थोड्यांच्या हातात गेली की बाकीचे भाड्यापायी कसे कंगाल होतात ते त्यांना खेळातून दाखवायचं होतं. १९३५ साली 'मोनोपॉली' बाजारात आला तेव्हा तो उपदेश गळून पडला, आणि लोक दुसऱ्याला कंगाल करायला आनंदानं खेळायला लागले. मॅगीबाई मला पुढं लागणार आहेत, लक्षात ठेवा.

अलीकडचे गेम. पबजी तुम्ही खेळताच, आता त्यातल्या निळ्या वर्तुळाचा अभ्यास करा. उन्हाळ्यात तलाव आटत जातो आणि सगळे मासे शेवटच्या डबक्यात गोळा होतात, तसं ते वर्तुळ लोकांना एकमेकांच्या अंगावर ढकलतं. ते नसतं तर शंभरातले नव्वद घरात पालथे पडून राहिले असते. 'सेलेस्ट' (२०१८) मिळाला तर कड्याच्या अगदी टोकावरून उडी मारून बघा. पाय सुटल्यावरही काही क्षण उडी मान्य होते. गेम तुमच्या बाजूनं खोटं बोलतो आणि तुम्हाला वाटतं, आपलाच हात बसला. जुन्यांपैकी 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. त्यातला सावलीसारखा शत्रू मेमरी कमी पडत होती म्हणून राजपुत्राच्याच चित्रातून काढलेला आहे. तो गेम करणाऱ्या जॉर्डन मेकनर यांनी २०१२ साली त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला केला, इंजिनिअरिंगच्या पोरांनी वाचावा.

'पेपर्स, प्लीज' मात्र खेळाच. २०१३, लुकास पोप या एकाच माणसानं केलेला, आता मोबाईलवरही आहे. तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे कारकून. रोज नियम वाढतात, कागद वाढतात, टेबल मात्र तेवढंच. पगार जितके लोक तपासाल तितका, चुका वाढल्या की दंड, आणि त्या पैशात घरभाडं, जेवण, औषध. आपण सगळे कधी ना कधी कागदांची फाईल घेऊन खिडकीबाहेर उभे राहिलोय. हा गेम तुम्हाला खिडकीच्या आत बसवतो. तिसऱ्या दिवशी मी रडणाऱ्या बाईला परत पाठवलं, तिचा एक कागद कमी होता आणि माझ्या घरी औषधाचे पैसे नव्हते. कुणी मला भाषण दिलं नव्हतं. टेबल लहान होतं, एवढंच.

आणि 'स्टार्ड्यू व्हॅली', २०१६. एरिक बॅरोननं साडेचार वर्षांच्या आसपास एकट्यानं खपून केला. गोड शेतीचा गेम, मीही दोनशे तास घातलेत. पण मी परभणी जिल्ह्यातली. या गेममध्ये पाऊस येतो तो फुकटात पाणी घालून जातो आणि माल कितीही विका, भाव पडत नाही. पहिल्या वेळी खेळताना मी मोठ्यानं हसले. मग विचार आला, आपल्याकडचा केला तर?

इथून तुमचं काम सुरू होतं, आणि तेही कागदावरच. गोडॉट हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, ते नंतर शिका. मी पत्ते कापले, नाव ठेवलं 'पेरा'. बारा पत्ते: पाच पाऊस, चार उघडीप, तीन नुसते ढग. प्रत्येकाला बारा हरभरे. पेरायला तीन लागतात. पेरल्यावर पुढच्या दोन पत्त्यांत पाऊस नाही आला तर पेरणी गेली, दुबार करा.

पहिल्या डावाला आई, चुलतभाऊ, मी आणि शेजारचे काका. काकांची पंधरा एकर कोरडवाहू. डाव बेक्कार पडला, कारण कुणी पेरेचना. सगळे थांबले. काका शांतपणे पत्ते मोजत होते, "पाचातले दोन पाऊस गेले, अजून तीन हायत." म्हणून दुसऱ्या डावाआधी मी दोन पत्ते न बघता बाजूला काढून ठेवले, मोजणी संपली. शिवाय नियम घातला की जितके पत्ते थांबाल तितके हरभरे उत्पन्नातून कमी. लगेच खोली बदलली. आई तिसऱ्या पत्त्यालाच पेरून बसली, भावानं तिला वेड्यात काढलं, पुढचाच पत्ता पाऊस निघाला. आरडाओरडा. मी वहीत पहिला रकाना भरत होते.

मग काकांचे हरभरे संपले. त्यांनी रिकामा तळहात दाखवला, "आता काय करायचं ते लिहिलंच न्हाई तू." खरंच नव्हतं लिहिलं. मी पेन्सिलीनं एक पत्ता काढला, 'सावकार': तीन घ्या, हंगामाशेवटी पाच द्या. त्या दिवशी पाच डाव झाले. ज्यानं एकदा सावकार उचलला तो एकही डाव जिंकला नाही. भाऊ चौथ्या डावाला उठून गेला. नानांचं वाक्य आठवलं, तोंड पडलं की पोरगं परत येत नसतंय. मी पत्ता हलका करायला निघाले, तीनाचे चार. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे की हाय तसा. खोटं कशाला करतीस?"

नाना एकीकडं, काका आणि मॅगीबाई दुसरीकडं. भाच्याला फोटो काढून पाठवले, म्हटलं तू सांग. त्यानं विचारलं, "सावकाराच्या बाजूनं खेळता येतं का?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी काका पुन्हा येणार आहेत. त्यांच्याकडं हरभऱ्यांची वाटी द्यायची आणि सावकार त्यांनाच करायचं, असं ठरवलंय. पत्ता अजून पेन्सिलीतच आहे.